माइकवर आजोळ सांगू नका

पुण्यात थंडी पडली की आमच्या सोसायटीतली पुरुषमाणसं बिघडतात. एरवी दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघणारी ही मंडळी डिसेंबर लागला की पहाटे उठून मैदानावर पळायला लागतात. पोटावर ताणलेली जर्सी, पाठीवर स्वतःचंच नाव, डोक्याला कानटोपी आणि तोंडातून वाफ. कारण काय, तर सोसायटीची क्रिकेट लीग. तिच्यात संघ असतात, संघांना मालक असतात, मालकांना बायका असतात आणि बायकांचे रुसवेफुगवे असतात. हरलेला संघ पुढचा आठवडाभर लिफ्टमध्ये जिंकलेल्यांशी बोलत नाही.

मी हसते त्यांना, पण मला हसायचा काही अधिकार नाही. अख्ख्या बिल्डिंगीत माझ्याइतकं क्रिकेटवेडं माणूस दुसरं सापडायचं नाही. भारताची मॅच असली की पार्किंगमध्ये पडदा लावतात, प्रोजेक्टर येतो, कुणी भजी तळून आणतं, कुणी पेरू कापून वर तिखटमीठ लावून आणतं, म्हातारी माणसं शाली गुंडाळून बसतात. पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची माझी. तिथं दुसरं कुणी बसलं तर मी नुसती उभी राहून त्याच्याकडे बघते, मग तो आपोआप उठतो. आमच्या ह्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. ते घरात बातम्या बघत बसतात आणि मी वर गेले की विचारतात, "जिंकले का तुझे?" जसे काही ते सगळे माझ्या माहेरचे.

आणि खरं सांगू का, मला ते माहेरचेच वाटतात. कारण क्रिकेट मला दादानं दिलं, आणि दादाच्या तोंडून कुठलाही खेळाडू परका म्हणून कधी आलाच नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात, युसूफ वडगावचा बाजार जवळ पडतो असं आमचं गाव. दादा शेती करतो, पण पंचक्रोशीत त्याला शेतीवरून कुणी ओळखत नाही. तो माइकवाला. हिवाळ्यात सोयाबीन निघून गेलेल्या रानात रोलर फिरवतात, चुना मारतात, मंडप टाकतात आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. बक्षिसं पुढाऱ्यांची, म्हणून मंडपाला पुढाऱ्यांचे फोटो. फोटोंखाली टेबल, टेबलावर माइक, आणि माइकमागे गळ्याला मफलर गुंडाळलेला दादा.

त्याची कॉमेंट्री म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. चेंडू कुठं गेला, किती पळाले, हे तो सांगायचा, नाही असं नाही, पण ते जाता जाता. बॅट घेऊन पोरगं मंडपातून निघालं की दादाचं खरं काम सुरू. "आला, आला, आला! गिरणीवाल्याचा धाकला आला! नेकनूरचा भाचा हाय, मामानं बॅट घेऊन दिलीय, आन् आज्जीनं सांगून ठिवलंय, शून्यावर आलास तर जेवाय येऊ नको!" मंडप हसायचा, पोरगं लाजायचं, आणि मग असं काही खेळायचं की बस. बोलर आला की त्याची पाळी. "ह्याचा आज्या गोफण लई मारायचा. ज्वारीवरचं एक पाखरू सुटत नव्हतं. आता नातवाचा हात बघा!" कोणाचं पोरगं, कोणाचा भाचा, कोणाचा जावई, हे सांगितल्याशिवाय दादाची ओव्हर पुढं सरकायची नाही. बाहेरगावचा संघ आला तर सामना सुरू व्हायच्या आधी तो त्यांच्यात जाऊन बसायचा, चहा प्यायचा आणि सगळ्यांची गावं, आडनावं, आजोळं विचारून यायचा. लिहून काही घ्यायचा नाही. एकदा ऐकलं की डोक्यात बसलं.

मी त्याला एकदा म्हटलं, "दादा, लोकांच्या एवढ्या चौकशा कावून करतोस रे?"

तर म्हणाला, "अगं बाई, ह्यानं मारला, त्यानं झेलला, हे बघणाराला दिसतंयच की. ते मी कावून सांगू? मारणारा कोण हाय, ते दिसत न्हाई. ते मी सांगतो."

आणि त्याचे ऐकणारे नुसते मंडपात नव्हते. दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, शेळी, लेकरं घालून नवरा-बायको कारखान्याच्या फडावर जातात, ते उन्हाळा लागल्यावरच परत. गावात राहतात म्हातारी माणसं, शिकणारी पोरं, आणि ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते. स्पर्धेत खेळणारी पोरंही त्यातलीच. मोबाइल घरोघर आल्यावर कुणीतरी ही स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह दाखवायला लागलं आणि दादाचा आवाज उसाच्या फडात पोचला. लोक खिशात फोन ठेवून ऊस तोडता तोडता ऐकायचे, भाकरी खाताना ऐकायचे. दादाला ते माहीत होतं. ओव्हर संपली की तो सांगायचा, "फडातल्या समद्यांना राम राम, सलाम, जय भीम! ओढ्यापल्याडच्या वस्तीवरली म्हातारी आज मंडपात येऊन बसलीय. तब्येत ठणठणीत हाय, चार भजी खाल्ली तिनं, लेकानं काळजी करू नये. तिचा नातू आज पहिल्यांदा खेळतोय." आणि तो नातू खेळत असताना तिकडं कोल्हापूरकडच्या कुठल्यातरी फडात त्याची आई कोयता खाली ठेवून उभी राहिली असणार, हे मला पुण्यात बसून दिसायचं. मीही तशीच उभी असायचे की, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, भाजी करपवत.

मग गावाकडचं वातावरण बिघडलं. कसं बिघडलं, कुणी बिघडवलं, यात मी पडत नाही. माझं गाव बीड म्हटलं की पुण्यात लोक एकमेकांकडे बघतात, तेवढं पुरे आहे. मोर्चे झाले, निवडणुका झाल्या, फोनवर स्टेटस लागले. ज्या गावात आम्ही कुणाच्याही रानात हुरडा खायला न बोलावता जायचो, त्या गावात माणसं चहाची टपरीसुद्धा निवडून घ्यायला लागली. ती झळ मंडपापर्यंत आली. कुणीतरी दादाच्या कॉमेंट्रीचा तुकडा कापून फिरवला. एका पोराचं कौतुक केलं होतं, तेवढंच ठेवलं आणि खाली लिहिलं, "बघा, कोणाची बाजू घेतोय." मग दुसऱ्या बाजूनं दुसरा तुकडा. अरे, कौतुक तर तो सगळ्यांचंच करायचा! पण तुकडा ऐकणाऱ्याला अख्खा सामना कोण ऐकवत बसणार? शेवटी शेवटी असं व्हायला लागलं की दादानं आडनाव घेतलं की मंडपाचा एक कोपरा टाळ्या वाजवायचा आणि दुसरा गप्प बसायचा. पुढच्या हिवाळ्यात स्पर्धाच झाली नाही. पुढारी म्हणाले, वातावरण बरं नाही, उगाच कशाला.

दादा फोनवर धड बोलेना. वहिनी म्हणाली, "रानात जाऊन बसतेत नुसते. काल म्या गेलते तर विहिरीवरल्या मोटारीशी बोलत होते." तिला ते हसण्यावारी न्यायचं होतं, पण तिलाच ते जमलं नाही. मी म्हटलं, लावून दे त्याला इकडं, आठवडाभर राहू दे, माणसात येईल.

आला. पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि हुरड्याची कणसं. हुरडा इथं भाजायचा कुठं, हा विचार त्याच्या डोक्यात आला नव्हता. मी तो गॅसवर भाजायला घेतला तर घरभर धूर, शेजारीण धावत आली. दादा गॅलरीत उभा राहून म्हणाला, "इथं थंडी पडती का नुसती सांगत्यात?" माझा मुलगा खो खो हसला. तेव्हा तो दहावीत होता, सकाळी क्लास, संध्याकाळी क्लास, मामाशी बोलायलासुद्धा त्याला वेळ मिळत नव्हता.

त्याच आठवड्यात मॅच आली. मी दादाला घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले, माझ्या शेजारी बसवलं. पडद्यावर चित्र आलं, पण आवाज गेला. सेक्रेटरी वायरी हलवताहेत, कुणी स्पीकर थोपटतंय, पोरं ओरडताहेत. आणि माझ्या शेजारून एकदम आवाज आला, "आला बघा आला! रात्रभर झोपला न्हाई गडी, आईनं सकाळी दहीसाखर दिली, म्हणली, लेका, पहिला चेंडू सोडून दे, मग काय करायचं ते कर!" सगळ्या माना वळल्या. दादा माइकशिवाय बोलत होता आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जात होतं. त्यानं परदेशी बोलरलासुद्धा सोडलं नाही. म्हणाला, "ह्यो पाव्हणा लई लांबून आलाय, ह्याला भाकरी मानवली न्हाई, बघा कसा वाकडा पळतोय!" लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. आवाज दुरुस्त झाल्यावर कुणीतरी ओरडलं, "बंद करा हो तो स्पीकर, काकांना बोलू द्या!" माझी मान अशी ताठ झाली होती, की विचारू नका.

सामना संपल्यावर सेक्रेटरी आले. म्हणाले, "काका, रविवारी आमची लीग आहे. माइक घ्याल का?"

दादानं आधी मफलर नीट केला. मग म्हणाला, "घेतो की, साहेब." एवढंच. पण घरी आल्यावर त्यानं आपण होऊन दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि जेवता जेवता म्हणाला, "बरं हाय बाई तुमच्या शहरात. इथं असलं कायबी नसतंय. हा कोण, तो कोण, कुणाला पडलेलं न्हाई." मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, हा रविवार नीट जाऊ दे. त्याला दुसरं काही नको होतं. नवा शर्ट नको, शनिवारवाडा बघायचा नव्हता, काही नाही. त्याला फक्त परत एकदा माइकमागे बसायचं होतं आणि त्याच्या पद्धतीनं बोलायचं होतं.

रविवारी तो माझ्याआधी उठून तयार. धुतलेला पांढरा शर्ट, मफलर, केसांना तेल. मैदानावर धुकं होतं, पोरं हात चोळत उभी होती, टेबलावर थर्मास आणि कागदी कप. मी बायकांत जाऊन बसले. दादा काय करतोय ते मला लांबून दिसत होतं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच सांगायचंय. तो गावाकडे करायचा तेच करत होता. एकेका खेळाडूजवळ जायचा, पाठीवर हात ठेवायचा, दोन शब्द बोलायचा, पुढं जायचा. मला वाटलं, वा! आता बघा तुम्ही मजा.

तो विचारत होता, "गाव कोणतं बाळा? आडनाव काय? आईचं माहेर कुठलं?"

पहिल्या एक-दोघांनी हसत सांगितलं. तिसरा म्हणाला, "काका, आडनाव कशाला पाहिजे? जर्सीवर नाव आहे की." दादा म्हणाला, "त्ये तुझं झालं. तुझ्या घरच्यांचं सांग की." पोरगं बाजूला झालं. पुढं एक इंजिनियर पोरगा होता, आमच्याच बिल्डिंगीत भाड्यानं राहणारा. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "काका, मी आपल्याकडचाच. चकलांब्याचा. आजोळ नेकनूरला." दादाला केवढा आनंद झाला असेल! परमुलखात आपला माणूस भेटला. पण तो पोरगा लगेच म्हणाला, "फक्त माइकवर आजोळ सांगू नका. गावही सांगू नका. ऑफिसातले लोक आहेत इथं." हे मला दादानं नंतर सांगितलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं, की तो त्या पोराच्या पाठीवरचा हात काढायला विसरला आणि तसाच उभा राहिला.

तेवढ्यात बायकांत फोन वाजायला लागले. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता. "कॉमेंटेटर काका खेळाडूंना जात विचारत आहेत. हे आपल्या सोसायटीत चालणार आहे का?" खाली लगेच रागाचे चेहरे, अंगठे, "शेम". माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले ती तडक टेबलापाशी.

सेक्रेटरी माझ्याआधी पोचले होते. बोलत चांगले होते, तसे ते वाईट नाहीत. म्हणाले, "काका, गैरसमज नको, पण इथं जातबीत विचारत नाहीत कुणी."

दादाचं तोंड उघडंच राहिलं. "जात? म्या जात कुठं इचारली साहेब? म्या आजोळ इचारलं."

"तेच हो. लोकांना तसं वाटतं."

"आन् आजोळ सांगायचं न्हाई तर मग पोराचं सांगू काय?"

"नंबर सांगा ना. जर्सीवर नंबर आहेत. एकदम सोपं."

मी मधे पडले. म्हटलं, "अहो, माझा भाऊ आहे तो! त्याला जात विचारायची असती तर तो पुण्यापर्यंत कशाला आला असता? तो तर त्यातूनच पळून आलाय!" सेक्रेटरींना काहीच कळलं नाही. दादानंच मला हातानं गप्प केलं. "जाऊ दे बाई. साहेबांचं बरोबर हाय."

बरोबर होतं का? मी त्यावर खूप विचार केलाय. एकीकडे माझा जीव जळतो. आणि दुसरीकडे, खरं बोलायचं तर, आमच्याकडे गाव, आडनाव आणि आजोळ कळलं की जात विचारायची गरजच उरत नाही, हे मलाही कळतं. ज्या पोरानं तो मेसेज टाकला, त्याला आयुष्यात कुठंतरी हेच प्रश्न वाईट हेतूनं विचारले गेले असतील. कॉलेजात, नाहीतर भाड्याची खोली बघताना. त्याला काय माहीत, की एका माणसाला ही माहिती फक्त मोठ्यानं कौतुक करायला लागते! तो तरी काय करणार? पण दादा तरी काय करणार होता? माणसाला हाक मारायची दुसरी रीत त्याला येत नव्हती.

त्यानं माइक घेतला. मला वाटलं होतं, नको म्हणेल, उठून येईल. नाही आला. कबूल केलं होतं ना. दिवसभर तो त्या खुर्चीत बसून बोलला. "सहा नंबरनं चेंडू मारला. अकरा नंबरनं अडवला. एक धाव." मधेच त्याचा आवाज चढायचा, आता काहीतरी येणार असं वाटायचं, आणि तिथंच तो थांबायचा. चकलांब्याच्या त्या पोरानं मोठा षटकार मारला तेव्हा तर दादा अर्धवट उभा राहिला, माइक तोंडाशी नेला, आणि म्हणाला, "बावीस नंबर. सहा धावा." मी मैदानाकडे पाठ करून बसले. ऐकवेना मला.

संध्याकाळी बक्षीस समारंभात दादाला शाल दिली. लोक येऊन म्हणाले, "काका, छान झालं, अगदी क्लीन." ग्रुपवर ज्यानं मेसेज टाकला होता त्यानंही अंगठा पाठवला. मी त्या ग्रुपवर लांबलचक उत्तर लिहिलं, चांगलं झोंबेल असं. आमचे हे म्हणाले, "टाकू नकोस, तुला इथंच राहायचंय." पुसून टाकलं. त्याचीही चुटपुट आहेच.

दादा दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेला. एसटीत बसल्यावर खिडकीतून म्हणाला, "तुझ्या मनाला लावून घिऊ नको. माणसं बरी हायेत तुमची." मला वाटलं, संपलं आता. हा काही परत माइकला हात लावत नाही.

पुढच्या थंडीत त्याचा फोन आला. आवाजात जान होती. "बाई, औंदा स्पर्धा हाय! मंडप टाकलाय!"

मी म्हटलं, "अरे वा! मिटलं का सगळं?"

"मिटतंय कशाचं? पण म्या दोन्हीकडच्यांत जाऊन बसलो. म्हणलं, म्या कुणाचं नाव घेनार न्हाई, आडनाव न्हाई, गाव न्हाई. नुसता नंबर घेतो. पुण्यात तसंच केलतं म्हणून सांगितलं. तयार झाले की समदे!"

मी नुसतं "हं" म्हटलं. त्यालाच राहवेना. "अगं, पोरं एका रानात तर आली! मागच्या साली ती बी आली न्हवती. ह्ये काय कमी हाय का?"

कमी नव्हतं. मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते, कमी नव्हतं. ज्या पोरांचे बाप एकमेकांच्या घरच्या लग्नाला जायचे बंद झालेत, ती पोरं एकाच चेंडूमागे पळत होती, आणि ते दादामुळं झालं होतं. पुढारी आले नव्हते करायला. पण तरी मी विचारलं, "दादा, मग तू बोलशील काय रे तिथं?"

"बोलंन की. धावा हायेत. ओव्हरी हायेत."

मी लाइव्ह लावलं. ओट्याला टेकून उभी राहिले. तेच रान, तोच मंडप, फोटोंमधले चेहरे तेवढे बदललेले. आणि दादाचा आवाज, "नऊ नंबर मैदानात. तीन नंबर गोलंदाजी करतोय." चुकत कुठंच नव्हता. फडातल्या लोकांना राम राम घातला, सलाम घातला, सगळं घातलं. पण म्हातारी कशी आहे, नातू कोणाचा, यातलं एक अक्षर नाही. खाली लोकांचे मेसेज सरकत होते. त्यात कुठल्यातरी बाईचा होता, "दादा आमचं पोरगं खेळलं का, कोनता नंबर हाय त्याचा". कुणीच उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं तिनं परत तेच विचारलं. मग ती गेली असावी.

माझ्या मुलाची त्या साली परीक्षेची कटकट नव्हती. म्हणाला, मी जातो मामाकडे, मलाही खेळायचंय. मीच बॅग भरून दिली. गेला, आणि दादानं त्याला एका संघात घालून दिलं. त्याचा सामना होता त्या दिवशी मी कामावरून लवकर आले. ह्यांनासुद्धा बातम्या बंद करायला लावून शेजारी बसवलं. विकेट पडली. आमचं ध्यान बॅट घेऊन मंडपातून निघालं, उंच झालंय मेलं, हेल्मेट नाही, कॉलर वर केलेली. आता काय म्हणेल दादा? त्याचा सख्खा भाचा, एकुलता एक. गावात याच्या बारशाला अख्ख्या वाडीला जेवण दिलं होतं त्यानं. पूर्वीचा दादा असता तर तो चेंडू पडायच्या आधी पाच मिनिटं बोलला असता, माझी टिंगल केली असती, ह्यांची केली असती, माझ्या करपलेल्या भाजीची केली असती.

माइकवर एक श्वास ऐकू आला. मोठा.

"चौदा नंबर मैदानात."

"अरे तुझा भाचा आहे तो!" मी फोनवर ओरडले. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला.

सामना संपायच्या आत मी दादाला फोन लावत होते, तो घेत नव्हता. दिवे लागल्यावर त्यानंच केला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "माझाच सांगितला असता तर बाकीच्यांचा कावून न्हाई सांगितला म्हणले असते. बरोबरच हाय की त्यांचं." मागं कुठंतरी म्हैस ओरडत होती. मग म्हणाला, "तोंडापर्यंत आलतं बाई. गिळलं."

मुलगा चार दिवसांनी आला. उन्हानं रापलेला, खूश. पिशवीतून वहिनीनं दिलेली चटणी काढता काढता सांगत होता, केवढं मैदान, कसला मंडप, किती लोक. मी विचारलं, "मामाची कॉमेंट्री कशी वाटली?"

"भारी, आई! एकदम प्रोफेशनल. आणि माहितीये का, तिथं आमच्या संघाबाहेर शेवटपर्यंत कुणाला कळलंसुद्धा नाही, मी त्याचा भाचा आहे ते."

तो हे कौतुकानं सांगत होता. मी चटणी डब्यात भरली. दादाचं ते जुनं बोलणं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं, तर आपलं काय गेलं ते त्याला कसं कळणार?